छिन्नीला पाणी कसे द्यावे

मिरगाचे दिवस जवळ आले, की लोहाराच्या भात्याला विसावा नसतो. कुणाचा फाळ झिजलेला असतो. कुणाच्या कुदळीचे टोक बोथट झालेले असते. कुणाला विळा हवा असतो, कुणाला कुऱ्हाड पाजवून हवी असते. पहाटेपासून ऐरणीचा ठणठण आवाज गावभर ऐकू येतो.

पूर्वी लोहार हा गावचा बलुतेदार होता. शेतकऱ्याचे काम त्याने वर्षभर करायचे आणि सुगीत खळ्यावरून धान्य न्यायचे, अशी रीत होती. आता ती रीत मोडली. पण लोखंडाचे काम कमी झाले का? नाही. उलट ते वाढले. पूर्वी नांगर लाकडाचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतले आणि 1910 साली, आजच्या सांगली जिल्ह्यात, माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांना लोखंडी नांगराची भीती वाटे. लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे ते म्हणत. आज कुणी असे म्हणत नाही. आज शेतात ट्रॅक्टर आहे, मळणी यंत्र आहे, पंप आहे. घरावर पत्रा आहे, अंगणाला लोखंडी फाटक आहे. एक बोल्ट गंजून बसला, तर दिवसभराचे काम खोळंबते.

म्हणून घरात चार हत्यारे असावीत आणि ती वापरायची रीत ठाऊक असावी. या पाठात आपण एकच वस्तू करणार आहोत. ती म्हणजे लोखंड तोडायची छिन्नी. ती करता करता लोखंडकामाची बहुतेक हत्यारे आपल्या हाताखालून जातील.

1. घाईची गोष्ट

आधी एक खरी गोष्ट सांगतो. आम्ही एका गावात रात्रीचा वर्ग चालवीत होतो. वर्गात एक तरुण गडी येई. हाताने मोठा हुशार. त्याने एका जुन्या कानशीच्या तुकड्याची छिन्नी केली. तापवली, ठोकली, धार काढली. मग लालबुंद केली आणि पाण्यात बुडवली. चर्रर आवाज झाला. छिन्नी काचेसारखी टणक झाली. त्याला फार आनंद झाला. तशीच ती त्याने गंजलेल्या बोल्टावर धरली आणि हातोडा घातला.

दुसऱ्याच घावाला छिन्नीची कड फुटली. तिची कपची उडाली आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. त्याला तसेच जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. डोळा राहिला, पण नजर अधू झाली.

गावचे म्हातारे लोहारबाबा त्याला भेटायला गेले. ते म्हणाले, "पोरा, पाणी दिलंस ते बरं केलंस. पण दिलेलं पाणी थोडं उतरवावं लागतं. ते तुला कुणी सांगितलं नाही, ही चूक आमची."

ते बोल आमच्या मनाला लागले. लोहारबाबांना सारे ठाऊक होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. आम्हांला लिहिता येत होते, पण ठाऊक काहीच नव्हते. म्हणून आम्ही त्यांच्याजवळ बसलो, पाहिले, विचारले आणि उतरवून घेतले. तेच या पाठात दिले आहे.

2. लोखंड आणि पोलाद

आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो. पण लोखंडात भेद आहे. खिडकीचे गज, पत्रा, तार हे मऊ लोखंड. विळा, कानस, स्प्रिंग हे पोलाद. दोहोंत फरक कशाचा? फरक कार्बनाचा. कार्बन म्हणजे कोळशात असतो तो पदार्थ. मऊ लोखंडात शंभर भागांत पाव भागाहूनही कमी कार्बन असतो. हत्याराच्या पोलादात तो अर्ध्या भागाहून अधिक, कधी एक भागापर्यंत असतो.

एवढ्याशा कार्बनाने काय होते? पोलाद लाल करून झटकन थंड केले, तर ते फार टणक होते. मऊ लोखंड तसेच केले, तरी जवळजवळ मऊच राहते. म्हणून खिडकीच्या गजाची छिन्नी करू नका. तिची धार एका घावात वळेल.

मग पोलाद ओळखायचे कसे? सहाणेच्या चाकावर, म्हणजे ग्राइंडरवर, तुकडा टेकवा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्या पुढे जाऊन फुटतात, त्यांना फुलबाजीसारखे फाटे फुटतात. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून पाहा. फरक लगेच कळेल.

आपण छिन्नीसाठी मोटारीची जुनी गोल स्प्रिंग घेऊ. भंगारवाल्याकडे ती मिळते. सुटी निघालेली स्प्रिंगच घ्या. गाडीत दाबून बसवलेली स्प्रिंग कापायला जाऊ नका, ती उसळते आणि जीव घेते. बंद नळकांडे, मग ते कसलेही असो, भट्टीत घालू नका. ते फुटते. जस्त चढवलेला पत्रा किंवा पाइपही भट्टीत नको. त्याचा पांढरा धूर छातीत गेला, तर अंगात ताप भरतो.

3. हत्यारांची ओळख

भट्टी आणि भाता: कोळसा फुलवण्यासाठी. आता पुष्कळ ठिकाणी हाताने फिरवायचा पंखा असतो.

ऐरण: जिच्यावर ठेवून ठोकायचे ती. खाली लाकडाचा भक्कम ठोकळा असावा.

सांडशी: तापलेला तुकडा धरण्यासाठी. तुकडा सांडशीत घट्ट बसला पाहिजे. डुगडुगत असेल, तर दुसरी सांडशी घ्या.

हातोडा: हलका हातोडा एका हाताने मारायचा. जड असतो तो घण, तो दोन हातांनी मारायचा. दांडा सैल असेल, तर हातोडा उचलूच नका.

व्हाइस: बाकाला बसवलेली पकड. तिच्या दोन जबड्यांत तुकडा आवळून धरतात.

हॅक्सॉ: लोखंड कापायची करवत. तिचे पाते बदलता येते.

कानस: घासून आकार देण्यासाठी.

पट्टी आणि गुण्या: पट्टीने माप घ्यायचे, गुण्याने काटकोन पाहायचा.

4. मापून घ्या, मग कापा

स्प्रिंगचे पोलाद आधी मऊ करून घ्यावे लागते. नाही तर करवतीचे दात जातात. तुकडा भट्टीत लाल करा आणि कोरड्या राखेत पुरून ठेवा. रात्रभर तसाच राहू द्या. सावकाश निवाला, की तो मऊ होतो. पाहा, तेच पोलाद झटकन निववले तर टणक आणि सावकाश निववले तर मऊ. सगळ्या लोखंडकामाचे मर्म यात आहे.

आता माप घ्या. गावचा मिस्त्री सुतात बोलतो. एका इंचात आठ सूत असतात. पट्टीच्या एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. एका इंचात सुमारे 25 मिलिमीटर येतात. म्हणजे एक सूत झाले जवळजवळ 3 मिलिमीटर. दुकानात बोल्ट मिलिमीटरने मिळतो, मिस्त्री सुताने सांगतो. ज्याला दोन्ही वाचता येते, त्याची दुकानात फसगत होत नाही.

आपल्याला सहा इंच लांबीची छिन्नी हवी. स्प्रिंगची सळई चार सूत जाड असली, की पुरे. सळई वाकडी आहे, म्हणून माप सुतळीने घ्या. सुतळी सळईवरून फिरवा, खूण करा आणि मग सुतळी पट्टीवर धरा. ठोकताना आणि घासताना थोडे कमी होते. म्हणून अर्धा इंच जास्त ठेवा.

सळई व्हाइसमध्ये आवळा. हॅक्सॉचे पाते पाहा. त्यावर आकडा छापलेला असतो: 18, 24 किंवा 32. इंचात किती दात आहेत, ते तो सांगतो. जाड सळईला 18 दातांचे पाते, पातळ पत्र्याला 32 दातांचे. वस्तूच्या जाडीवर निदान दोन-तीन दात एका वेळी टेकले पाहिजेत. नाही तर दात अडकून तुटतात. पाते बसवताना दातांची टोके पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर, असावीत. पुढे ढकलताना जोर द्या, मागे ओढताना हात हलका ठेवा. घाई नको. भराभर चालवले, की पाते तापते आणि बोथट होते.

5. भट्टीतले रंग

लाकडी कोळसा पेटवा. तुकडा कोळशाच्या वर नको, पोटात हवा. भट्टी सावलीत असावी. उन्हात रंग कळत नाहीत.

लोखंड तापू लागले, की आधी मंद लाल होते. मग डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. मग नारिंगी, मग पिवळे. पांढरे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागल्या, तर समजा की ते जळाले. जळालेले पोलाद कोणत्याच कामाचे नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

नारिंगी झाल्यावर तुकडा ऐरणीवर घ्या. आधी सळई सरळ करा. मग पुन्हा तापवून एका टोकाला चपटी करा. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ठोका. टोकापासून दीड इंचाचा भाग निमुळता झाला पाहिजे. टोक अर्धा सूत जाड राहू द्या. फार पातळ करू नका.

रंग उतरून काळपट लाल झाला, की हात थांबवा. पुन्हा भट्टीत घाला. लोहारबाबा सांगत, "थंडावल्या पोलादावर घाव घातला, तर चीर आत पडते. ती आज दिसत नाही, महिन्याने दिसते."

ठोकून झाले, की तुकडा परत लाल करून राखेत पुरा. सकाळी काढा.

6. कानशीचे काम

कानशीला मूठ असल्याशिवाय ती वापरू नका. मूठ नसेल, तर शेपटीचे टोक तळहातात घुसते. उजव्या हाताने मूठ धरा, डाव्या हाताने टोक. पुढे जाताना दाबा. मागे येताना कानस उचला. मागे घासली, की दात मोडतात. दातांत कीस अडकला, तर तारेच्या ब्रशाने काढा. कानशीवर खडू चोळला, तर कीस कमी अडकतो. कानशीने कधी ठोकू नका, कशाला टेकू म्हणूनही लावू नका. ती टणक असते, म्हणून पटकन तुटते.

छिन्नीच्या धारेचा कोन साठ अंशांचा असावा. साठ अंश कसे मोजायचे? कागदाचा एक सरळ कोपरा घ्या. तो नव्वद अंशांचा असतो. त्याच्या तीन सारख्या घड्या घाला. त्यातल्या दोन घड्या उलगडून धरा. झाले साठ अंश. हे कागदी माप धारेला लावून पाहा आणि तसे घासा. धार दोन्ही बाजूंनी सारखी हवी.

7. पाणी देणे

आता खरी कसोटी. धार टणक करायची. याला आपण पाणी देणे म्हणतो. पण स्प्रिंगच्या पोलादाला साधे पाणी सोसत नाही. त्याला चीर पडते. म्हणून पाण्याऐवजी तेल घ्या. तळणातून उरलेले गोडे तेल चालते. लोखंडी बादलीत ते अर्ध्यापर्यंत घाला. प्लास्टिकची बादली नको. तेल थोडे कोमट करून घ्या. हे काम घराबाहेर, गंजीपासून दूर करा. बादलीवर बसेल असे लोखंडी झाकण आणि पाटीभर कोरडी वाळू जवळ ठेवा. तेलाने पेट घेतला, तर झाकण घाला किंवा वाळू टाका. पाणी कधीही ओतू नका. पाण्याने जळते तेल अंगावर उडते.

छिन्नीचा धारेकडचा दोन इंच भाग तापवा. डोके तापवू नका. रंग डाळिंबी लाल झाला, की लोहचुंबक लावून पाहा. जुन्या कर्ण्यातले चुंबक चालेल. चुंबक चिकटत असेल, तर ताप कमी आहे. चिकटेनासे झाले, की आणखी किंचित तापवा आणि छिन्नी सरळ उभी तेलात बुडवा. खालीवर हलवा. आडवी हलवू नका. पुरती निवेपर्यंत बाहेर काढू नका.

मग धारेच्या बाजूला कानस हळूच लावा. कानस घसरली, तर समजा की पाणी चढले. कानस लागली, तर ताप कमी पडला. पुन्हा करा.

8. पाणी उतरवणे

इथेच आमच्या गड्याची चूक झाली होती. पाणी चढलेली छिन्नी टणक असते, पण काचेसारखी फुटते. तिचा टणकपणा थोडा कमी करायचा, म्हणजे ती चिवट होते. हे काम त्याच दिवशी करा. तोवर तिच्यावर हातोडा मारू नका. ती हातातून खालीही पडू देऊ नका.

छिन्नीचे तेल पुसा. धारेकडचा भाग दगडाने किंवा पॉलिश कागदाने चकचकीत घासा. रंग दिसण्यासाठी ते जरूर आहे. आता लोखंडाचा एक जाड ठोकळा लाल करून बाहेर काढा. छिन्नीचा मधला भाग त्यावर टेकवा. धार बाहेर, मोकळी राहू द्या. नजर हलवू नका.

थोड्या वेळात चकचकीत भागावर रंग उमटू लागतात. हे आगीचे रंग नव्हेत. पोलादावर पातळ साय धरते, तिचे हे रंग. आधी गव्हाच्या काडासारखा पिवळा येतो. मग तपकिरी. मग जांभळा. मग निळा. हे रंग ठोकळ्याकडून धारेकडे सरकत जातात. पिवळा रंग सुमारे 230 अंश सेल्सिअसला येतो, तपकिरी सुमारे 260 अंशांना, जांभळा सुमारे 280 अंशांना, निळा सुमारे 300 अंशांना. लोहारबाबांनी आयुष्यात कधी अंश मोजले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतच मोजपट्टी होती.

जांभळा रंग धारेपर्यंत पोचला, की छिन्नी लगेच पाण्यात बुडवा. आता पाणी चालते. निळा रंग जाऊन राखाडी आला, तर धार फार मऊ झाली. निराश होऊ नका. पुन्हा लाल करा, पुन्हा तेलात बुडवा, पुन्हा उतरवा.

छिन्नीचे डोके मात्र मऊच राहिले पाहिजे. म्हणून आपण ते तापवले नव्हते. हातोड्याचे तोंडही टणक असते. टणकावर टणक आपटले, की कपची उडते. याच कारणाने हातोड्यावर हातोडा मारू नये.

9. वापरताना

छिन्नी, सहाण किंवा ड्रिल चालवताना डोळ्यांना जाड चष्मा लावा. बघायला उभ्या राहिलेल्या पोरांना दूर करा. कपची ही कधी कधी बघणाऱ्यालाच लागते. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, पदर, मोकळे केस, गळ्यातला गमछा नको. ड्रिल चालवताना हातमोजेही नकोत, ते यंत्रात गुंततात.

रोज ठोकून ठोकून छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरते. त्याच्या कडा घासून काढा. नाही तर त्याच उडतात. आणि डोळ्यात कपची गेलीच, तर चोळू नका, घरी काढू नका, पाला पिळू नका. डोळा न दाबता वाटी किंवा कप वर धरा आणि तडक दवाखाना गाठा.

आमच्या त्या गड्याचे पुढे काय झाले? तो लोहारबाबांच्या भट्टीवर जाऊन बसू लागला. वर्षभर बसला. आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. दुकानाच्या भिंतीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "चष्म्याशिवाय हातोडा उचलू नये." खाली ओळीने चार रंग रंगवले आहेत आणि प्रत्येकापुढे लिहिले आहे, कशासाठी कोणता. शिकाऊ पोरे आधी ती भिंत वाचतात, मग सांडशी धरतात.

लोहारबाबा आता नाहीत. त्यांना अक्षर येत नव्हते. पण त्यांचे शहाणपण त्या भिंतीवर आहे आणि तुमच्या हातातल्या या पुस्तकात आहे. तुमच्या गावातही असा कुणी जाणता माणूस असेल. लोहार असेल, कुंभार असेल, सुईण असेल. तुम्हांला आता लिहिता येते. त्याच्याजवळ बसा. विचारा. लिहून ठेवा.

ध्यानात ठेवा

झटकन निववले, की पोलाद टणक होते. सावकाश निववले, की मऊ होते.
स्प्रिंगच्या पोलादाला तेल, पाणी नव्हे.
पाणी चढवल्यावर ते थोडे उतरवल्याशिवाय हत्यार वापरू नका.
आधी चष्मा, मग हातोडा.

प्रश्न

1. खिडकीच्या गजाची छिन्नी का करू नये?
2. एका इंचात किती सूत असतात? तीन इंचांत किती?
3. पत्रा कापायला किती दातांचे पाते घ्याल?
4. धारेवर कोणता रंग आला, की छिन्नी पाण्यात बुडवायची?
5. तुमच्या घरातल्या पाच हत्यारांची नावे लिहा. प्रत्येकापुढे त्याचे काम लिहा.